विहिरीची सफाई

धम्मदीक्षेच्या वर्षी वस्तीने स्वतः खोदलेली विहीर कारखान्याच्या सांडपाण्याने पिवळी पडली. कारखान्याचे साहेब सफाईला पंप घेऊन आले. आठवडाभर उपसलेलं पाणी तळ्यात सोडलं, तिथले सारस उडून गेले, आणि विहिरीत पुन्हा पिवळंच झिरपलं. मग मुरमाचे ट्रक आले. “बिमार हाये साहेब, मेली नाही. काहून पुरून राहिले तिले?” वस्तीतल्या जयवंताबाईने विचारलं. “विहीर बुजली की सफाईचं काम संपलं, बाई. फाटकावर नळ दिलाय तुम्हाला,” साहेब म्हणाले. घरात बाळंतीण होती, पाणी नव्हतं. जयवंताबाई घागर घेऊन फाटकाशी गेली. आतून चौकीदाराने रबरी नळी उचलली. “घागर खाली ठेव वं बाई, अन् दूर सरक. मी वरून सोडतो.” गावच्या विहिरीवरचे हेच शब्द ऐकायचे नाहीत म्हणून तर वस्तीने आपली विहीर खोदली होती. जयवंताबाई दूर सरकली.