दुसऱ्या भागातलं मरण

“ह्याला मारा,” आवडाबाई म्हणाली.

दिग्दर्शकानं कानावरचा हेडफोन खाली ओढला. वाळूजच्या त्या बंद कारखान्यात सकाळपासून त्याच्याकडं माणसं काही ना काही मागायलाच येत होती. हिरोला सावली हवी होती, कॅमेरावाल्याला आणखी धूर. पण पोटच्या पोराला मारा म्हणून सांगायला आलेली आई त्यानं पहिल्यांदाच बघितली.

“मावशी, बाकीच्या आया पोराला वाचवा म्हणून येतात.”

“येत असतील. त्यान्ला कळत नाय.”

शेजारी तिचा सूर्यभान शत्रूच्या काळ्या वर्दीत, खांद्याला रबरी बंदूक लावून उभा होता आणि धरणी कधी पोटात घेते याची वाट बघत होता. या हेरगिरीच्या पिक्चरच्या पहिल्या भागात तो खलनायकाचा हस्तक होता. दौलताबादेकडच्या एका टेकडीवरून हिरोच्या लाथेनं तो जो खाली गेला, तो मेलाच. पिक्चर तुफान चालला. दुसरा भाग काढायचं ठरलं तेव्हा त्या पडण्याला पडलेल्या शिट्ट्या दिग्दर्शकाच्या ध्यानात होत्या. मेलेला माणूस परत आणायची सिनेमात एक जुनी सोय असते. सूर्यभान आता मेलेल्याचा जुळा भाऊ झाला. सूड घ्यायला यायचं, मध्यंतरानंतर मन पालटायचं आणि शेवटी हिरोच्या खांद्याला खांदा लावून चक्क जिवंत उरायचं. जिवंत उरला की तिसऱ्या भागात जागा पक्की. त्यासाठी त्यानं कंपनीत रजा टाकली, मिशी वाढवली आणि सगळ्या गावाला सांगून झालं. गावात आपली आईही राहते, एवढं मात्र तो विसरला.

“पण का मारायचं?” दिग्दर्शकानं विचारलं.

आवडाबाईनं पदर सारखा केला आणि जवळची खुर्ची ओढून ती ऐसपैस बसली. खुर्चीच्या पाठीवर हिरोचं नाव होतं. तिला उठवायची कुणाची छाती झाली नाही.

“हा लहान व्हता तवा ह्याच्या डोस्क्याला कावळा शिवला. मंग रीत हाय ना, पोरगं गेलं म्हणून सोयऱ्यांत खोटा सांगावा धाडायचा. त्यांनी रडायचं. रडलं की आलेलं मरण टळतं. ह्याचा मामा पैठणाहून गळा काढत आला. बघतो तर हा दारात बसून भाकर खातोय. मामानं आधी पोराला कवटाळलं, मंग मला लई शिव्या दिल्या. देऊ द्या. पोरगं राहिलं ना?”

“अहो, पण आता कावळा कुठं शिवलाय?”

“आता कावळा कशाला लागतो? तुमी हाय की! उंचावरून ढकलता, आगीतून पळवता. मागल्या पिक्चरमधी मेला तवा मी टॉकीजमधी पोटभर रडले.”

ते खरं होतं. तेव्हा सूर्यभान तिच्या शेजारी बसून चिवडा खात होता. “माय, मी हितंच हाय की,” असं त्यानं समजावून पाहिलं. “गप बैस, नीट रडू दे मला,” म्हणून तिनं त्याच्या मांडीला चिमटा काढला. त्याच उन्हाळ्यात घरच्या विहिरीतला गाळ काढताना दरड कोसळली. सूर्यभान नुकताच पाणी प्यायला वर आला होता.

“पडद्यावर मेला म्हणून विहिरीत वाचला,” आवडाबाई म्हणाली. “आता ह्याला जित्ता ठेवता, अन् वरून दोन ट्रकांच्या मधून फटफटी उडवायला लावता. मंग मी कशाच्या भरवशावर घरी बसू?”

दिग्दर्शकानं फाइट मास्टरकडं बघितलं. तो दोर तपासण्यात फार गुंतला होता.

“उडी अवघडच आहे, साहेब,” तो पुटपुटला. “मी स्वतः नारळ कबूल केलाय.”

दिग्दर्शक हसला. मग त्याला कल्पना पसंत पडली. उडी मारून हिरोला वाचवायचं आणि त्याच्याच मांडीवर प्राण सोडायचा. लोक रडतील, पुन्हा तिकीट काढतील.

“चालेल, मावशी. उडीनंतर मारतो.”

“नाय. मरण आज, उडी उद्या.”

“उलटं?”

“तुमी सगळं उलटंच काढता की. परवा ह्याचं मन पालटलं, अन् सूड घ्यायला आज निघालाय.”

दिग्दर्शकानं शूटिंगचा क्रम बदलायला सांगितलं. दुपारी सूर्यभान हिरोच्या मांडीवर मेला. आवडाबाईनं असा हंबरडा फोडला की लाइटवाले डोळे पुसू लागले आणि हिरोला ग्लिसरीन लागलं नाही. दुसऱ्या दिवशी फटफटी दोन ट्रकांच्या मधून गेली आणि पलीकडं अलगद टेकली. फाइट मास्टरनं तिथंच नारळ फोडला.

सगळे टाळ्या वाजवत होते. सूर्यभान तेवढा हेल्मेट काढून तोंड पाडून आईपुढं उभा राहिला.

“झालं तुझ्या मनासारखं? आता तिसऱ्या भागात मी कुठला, माय? मेलो ना मी!”

दिग्दर्शकालाही वाईट वाटलं. “मलाही हा हवाच होता, मावशी. पण काय करू? जुळा भाऊ होता, तोही वापरून झाला.”

आवडाबाईनं खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला.

“जुळं व्हतं असं तुमाला कुणी सांगितलं? तिळं व्हतं म्हणून लिव्हा. अन् कुणी इच्यारलंच तर माझ्याकडं धाडा. बाळंतीण कोण, तुमी का मी?”