खैरसावळीचं येसर

"पुढची पाकिटं आधी उचल. दारातूनच दिसतायत ती," शिल्पा म्हणाली.

तिच्या नवऱ्याने, रितेशने खोकं उचललं आणि कुठे ठेवावं ते न कळून तसाच उभा राहिला. कुकटपल्लीच्या त्या गाळ्यात लपवायला जागा होतीच कुठे? समोर गिरणी, बाजूला भाजणीचं यंत्र आणि भिंतीला लागून पाकिटांच्या थप्प्या. प्रत्येक पाकिटावर ठसठशीत लाल अक्षरांत एकच नाव: खैरसावळी येसर.

"एवढी परेशान नको होऊ. माणूस नुसता बघायला येतोय," रितेश म्हणाला.

"नुसतं बघायला कोणी नांदेडकडून इथवर येतं का?"

खैरसावळी हे तिकडचं लहानसं गाव. तिथल्या बायका धान्य, डाळी आणि मसाले भाजून येसर दळत. त्या येसराच्या आमटीशिवाय आसपासच्या गावांत लग्नाची पंगत उठत नसे. मध्यंतरी गावच्या उत्पादक संघाला या नावाचं भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे यापुढे त्या नावाने विकायचं, तर माल त्याच भागात, तिथल्याच रीतीने केलेला हवा. शिल्पाने बातमी वाचली होती आणि सोडून दिली होती. हैदराबादेत कोण बघायला बसलंय?

आणि आता कोणीतरी तक्रार केली होती. संघाचे नामदेवराव आज गाळ्यावर येणार होते.

तक्रार कोणाची, याविषयी शिल्पाला शंकाच नव्हती. भामाची. हाताने भाजणारी भामा यंत्र आल्यावर कामावरून गेली, तीही मुकाट्याने. शिल्पाने सकाळीच तिला फोनवर झाडलं होतं. "अक्का, मला त्यातलं काय कळतंय?" म्हणत भामा रडत राहिली होती.

शिल्पाची सगळी भिस्त आता सासूबाईंवर होती. कुसुमताईंचं माहेर खैरसावळीचं. येसराची रीत त्यांच्याच हातची. एरवी काचीगुड्याच्या घरातून त्या क्वचितच बाहेर पडत. दुपारी माहेरी फोन लावायचा, तिकडची खुशाली विचारायची, एवढंच. पण आज त्या स्वतःहून निघाल्या होत्या. शिल्पाला तेवढाच धीर आला होता.

"आई, तुम्ही फक्त माहेर सांगा. रीत गावाकडचीच आहे म्हणा."

"विचारलं की सांगते," खुर्चीत बसलेल्या कुसुमताई म्हणाल्या.

नामदेवराव आले ते एकटेच. पन्नाशीचा, उन्हाने रापलेला माणूस. चहा नको म्हणाले. थप्प्यांकडे बघितलं, यंत्रावरून हात फिरवला. शिल्पा त्यांच्या मागे मागे फिरत राहिली. एका जागी तिचा पाय ठरत नव्हता.

"या माझ्या सासूबाई. खैरसावळीच्याच," तिने घाईने सांगून टाकलं.

"मग आमच्या आत्याच झाल्या," नामदेवरावांनी वाकून नमस्कार केला.

"म्हणजे नावावर आमचाही हक्क आहे की नाही? इथल्या दुकानदारांना येसर कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. दारोदार फिरून मी शिकवलं. नाव गावाचं असेल, पण ओळख मी दिली."

"दिली, नाही कुठे म्हणतो? पण ताई, तुमचं पाकीट आता नांदेडच्या दुकानांतही जातं. आमच्यापेक्षा स्वस्त. आमच्या बायका हाताने भाजतात, तुमच्या भावात त्यांना परवडत नाही. माल पडून राहिला, तशा चुली थंड झाल्या."

रितेशने हातातलं खोकं खाली ठेवलं.

"वंदना तरी भाजते का अजून?" कुसुमताईंनी विचारलं. वंदना त्यांची भाची.

"नाही आत्या. उचल घेऊन ऊसतोडीला गेली. लेकरंही सोबत नेली."

कुसुमताईंनी पदराने चष्मा पुसला, बराच वेळ पुसला.

शिल्पाला आत कुठेतरी टोचलं. पण टोचलं तसा रागही उसळला. उद्या हे यंत्र बंद ठेवावं लागलं तर? आणि एवढं सगळं कोणामुळे?

"नाव सांगा तक्रार करणाऱ्याचं. भामाच ना?"

"ते मला सांगता येणार नाही, ताई."

"नका सांगू. मला कळलं ते." शिल्पाने फोन उचलला. "तिच्या नवऱ्यालाच सांगते आता. या गल्लीत तिला पुन्हा कोणी कामाला ठेवणार नाही, बघाच तुम्ही."

"शिल्पा, नको," रितेश म्हणाला. तिने ऐकलं नाही. पलीकडे घंटी वाजू लागली.

कुसुमताई खुर्चीतून उठल्या, सुनेजवळ आल्या आणि त्यांनी तिच्या हातातला फोन काढून घेऊन बंद केला.

"त्या बाईच्या वाटेला जाऊ नकोस," त्या म्हणाल्या. "तिला यातलं काही ठाऊक नाही. नामदेवला मी बोलावलंय."