साहेब जेवायला बाहेर पडतात

हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासणारे साहेब घरीही पानावर बसण्याआधी ओट्यावरून बोट फिरवायचे.

"फडकं ओलं. विळीला कालचा कांदा. हॉटेल असतं ना, तर आत्ता टाळं ठोकलं असतं!"

"एवढंच ना?" बायकोने गॅस बंद केला आणि फ्रिजवर कागद चिकटवला.

'त्रुटी दूर होईपर्यंत स्वयंपाकघर बंद. यजमानांनी आपली सोय बाहेर पाहावी.'

"अगं, मी खाऊ काय?"

"अहो, शहरभर तुमच्या ओळखीची हॉटेलं. कोण नाही म्हणणार आहे तुम्हाला?"

साहेब तणतणत बाहेर पडले. पोटात कावळे कोकलत होते. कोपऱ्यावरच्या हॉटेलचा मालक त्यांना पाहताच गल्ला सोडून दारात धावला. "या साहेब, या! तुमचे उपकार विसरलो नाही आम्ही. बसा, स्वतः वाढतो."

साहेब बसले. पाण्याचा पेला उचलता उचलता त्यांची नजर समोरच्या भिंतीवर गेली. स्वच्छतेचं प्रमाणपत्र नव्याकोऱ्या चौकटीत झळकत होतं. खाली सही त्यांचीच.



साहेबांची भूकच मेली.