निकाल लागेपर्यंत

"प्रणव अजून कसा नाही आला?" परीक्षितने पुन्हा विचारलं. तो प्रणवचा निवडणूक एजंट, आणि कॉलेजपासूनचा मित्र.

"झोपलाय," प्रणवची बायको स्वाती म्हणाली. "काल मतदान संपेपर्यंत दारोदार हिंडत होता. उठवलं नाही मी."

मँचेस्टरजवळच्या त्या कौन्सिलच्या एक तृतीयांश जागांचंच यंदा मतदान होतं, तरी सत्ता पालटणार अशी हवा होती. सकाळपासून स्पोर्ट्स सेंटरच्या हॉलमध्ये मोजणी चालू होती. बाकी सगळ्या वॉर्डांचे निकाल लागले होते. कौन्सिलमध्ये दोन्ही मोठे पक्ष बरोबरीत. उरला होता फक्त प्रणवचा.

या वॉर्डात तो दोनदा थोडक्यात पडला होता. यंदा अँजिओप्लास्टी झाली, तरी महिनाभरात पत्रकं वाटायला बाहेर पडला. स्वातीने भांडून पाहिलं, मग नाद सोडला.

त्याचा फोन तिच्याच पर्समध्ये थरथरत होता. ती मेसेज वाचायची, 'थँक्स' लिहायची, परत ठेवायची. कुणीतरी हातात चहा दिला. तो तसाच गार झाला.

वैजयंतीताई जवळ आल्या. गेली बारा वर्षं या जागेवर त्याच निवडून येत होत्या, समोरच्या पक्षातून.

"काय गं, चेहरा का उतरलाय? प्रणवची तब्येत बरी आहे ना?"

"आराम करतोय, ताई."

"करू दे. हरलो-जिंकलो तरी रविवारी दोघं जेवायला या."

स्वातीने मान हलवली. त्यांच्याकडे बघणं मात्र तिला जमलं नाही.

फेरमोजणी झाली. अधिकारी माइकपाशी आले आणि त्यांनी आकडे वाचले. प्रणव निवडून आला होता.

हॉल दणाणला. परीक्षितने स्वातीचे दोन्ही हात धरले. "आली! कौन्सिल आपल्याकडे आली! आता तरी उठव त्याला!"

"जाहीर झालं ना? नक्की?"

"म्हणजे काय! माइकवरून सांगितलं की. आता कुणी काही बदलू शकत नाही."

"निकालाआधी उमेदवार गेला तर अख्खं मतदान रद्द होतं. तूच म्हणाला होतास."

"हो, पण ते आत्ता कशाला काढतेस?"

स्वाती हळूच खुर्चीवर टेकली.

"आता अँब्युलन्स बोलाव, परीक्षित. घाई नाही. प्रणव पहाटेच गेला."