साफ छाती

भरपाईच्या कचेरीतल्या साहेबानं छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. "हा तुमच्या शेवटच्या तपासणीचा. छाती साफ." मग दुसरा धरला, घाटी दवाखान्यातला. "अन् हा यंदाचा, सगळा डागांनी भरलेला. तीन वर्षांखाली काम सोडताना तुम्ही ठणठणीत होता, सर्जेराव. मग रोग कारखान्याचा कसा?"

जिना चढल्याची सर्जेरावाची धाप अजून बसली नव्हती. वाळूजच्या कारखान्यात अठरा वर्षं त्यानं तोंडाला उपरणं बांधून लोखंडावर वाळूचा मारा केला होता. अन् हा माणूस विचारतोय, कसा! त्याला हसू आलं, पण हसलं की खोकला यायचा, म्हणून तेही गिळलं.

साफ छाती त्याची नव्हतीच. ती शेजारी मान खाली घालून बसलेल्या धाकट्या भावाची, बद्रीनाथची होती. कारखान्यात छातीचे फोटो काढणारी तपासणीची गाडी यायची, अन् ज्याची छाती खराब निघेल त्याला दुसऱ्या दिवशी गेटवरूनच घरी धाडायचे. म्हणून खात्यातल्या सगळ्यांनी रीतच पाडली होती. आपलं कार्ड द्यायचं अन् घरातला धडधाकट गडी रांगेत उभा करायचा. बद्रीनाथ तेव्हा गंगापूरला शेतात राबायचा, छाती ढोलासारखी. लई हुशारी केली असं वाटलं होतं दोघांना.

"साहेब, ती छाती..." बद्रीनाथ उठू लागला.

सर्जेरावानं त्याचं मनगट धरून खाली बसवलं. सर्जेरावाची कारखान्यातली जागा आता बद्रीनाथकडंच होती. खरं बोलला असता, तर उद्याच त्याची नोकरी गेली असती. पदरात दोन पोरी.

"माझीच हाय साहेब," सर्जेराव म्हणाला.

साहेबानं अर्जावर 'नामंजूर' लिहिलं, शिक्का मारला. माणूस वाईट नव्हता, पाणी घेता का म्हणून विचारलं त्यानं.

जिन्यात दोघं टेकले. सर्जेरावाला औषधाची काळजी होतीच, पण भाऊ आता रडतो का काय याचीच जास्त वाटली. बद्रीनाथनं तोंडावर रुमाल धरला अन् लई वेळ खोकला. मग खालच्या आवाजात म्हणाला,

"दादा, पुढच्या महिन्यात गाडी येतीय. तुझा शिवम येईल का माझ्या जागी?"