दुसरी बाटली

शांतव्वांनी तिसऱ्या दुकानातही चिठ्ठी दाखवली, भाव विचारला आणि रिकामी बाटली परत पिशवीत ठेवली. चन्नम्मा पायरीखाली उभी राहून पाहत होती. वडिलांना, आप्पांना, दम्यानं धरलं म्हणून ती मलकापूरहून, सासरहून आली होती. आणि आप्पांची ही दुसरी बायको महाद्वाराच्या रस्त्यावर औषधाचा भाव करत हिंडत होती.

डॉक्टरांनी बजावलं होतं, औषध एकाच दुकानाचं घ्या. दुकान बदललं की औषधाची ताकद बदलते, आणि छाती नाजूक झालेल्या माणसाला तेवढंही बाधायला पुरतं. महाराजांनी वसवलेल्या शाहूपुरीत आप्पांचं, बसलिंगाप्पांचं, गुळाचं दुकान होतं. दुखण्यामुळं ते बंद होतं, हे चन्नम्माला ठाऊक होतं. पण म्हणून औषधात काटकसर?

"भाजी आहे का ही?" तिनं विचारलं.

"इचारलं तर काय तोंड झिजतंय व्हय?" शांतव्वा हसल्या. मग तिथंच पायरीवर टेकल्या. उन्हाचं चालवत नाही म्हणाल्या.

औषधाला बाटली घरूनच न्यावी लागे. शांतव्वांच्या पिशवीत रोज दोन असत, धुऊन वाळवलेल्या. शेवटी पापाच्या तिकटीवरच्या जुन्या दुकानात त्या एकट्याच आत गेल्या. घरी आल्यावर चन्नम्मानं पाहिलं, एक बाटली भरलेली, एक रिकामी. रिकामी कशाला, हे तिला कुणी सांगायला नको होतं. पाणी घालून एकीच्या दोन करायच्या.

संध्याकाळी शांतव्वांनी बाटली हलवली, तिच्यावर चिकटवलेल्या कागदी पट्टीच्या एका खुणेइतकं औषध ओतलं आणि आप्पांनी ते गिळेपर्यंत समोरून हलल्या नाहीत. चन्नम्माला सगळं नाटक वाटलं. आई प्लेगात गेल्यावर घरात आलेल्या या बाईशी ती कधी भांडली नव्हती. कधी मोकळं बोललीही नव्हती.

"उद्यापासून औषध मी आणीन," ती एवढंच म्हणाली.

"आण की. माझ्याच्यानं बी आता हुईना झालंय." शांतव्वांनी पिशवी तिच्यापुढं सरकवली.

सकाळी ती निघाली तेव्हा आप्पांची धाप वाढली होती. शांतव्वा त्यांची पाठ चोळत होत्या. तिकटीवरच्या दुकानात तिनं दोन्ही बाटल्या फळीवर आपटल्या आणि कंपौंडर बाळासोला विचारलं, आप्पांचं औषध पातळ करून किती दिवस चाललंय?

बाळासोनं पहिली बाटली उचलली. बसलिंगाप्पांचं औषध बाई कायम इथूनच नेतात, तेही भाव न विचारता, असं त्यानं सांगितलं. मग त्यानं दुसरी बाटली उचलली.

"ही त्यांची सवताची. डाक्टरांनी त्यांच्या काळजाचंबी औषध लिवून दिलंय न्हवं? आमचा भाव झेपला न्हाई, म्हणून सस्त कुठं मिळतंय बघत हिंडत्यात."

चन्नम्मानं दोन्ही बाटल्या भरून घेतल्या आणि घराकडं धावत सुटली. दारात माणसं जमलेली दिसली. आप्पांचं शेवटचं तोंडही पाहायला मिळालं नाही, असं तिला वाटलं.

गर्दीतून वाट काढत आप्पाच तिच्यासमोर आले. आत, मृताला बसतं करण्याच्या लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणं, कपाळाला भस्म लावून शांतव्वांना भिंतीशी टेकवून बसवलं होतं. चन्नम्मा त्यांच्या पुढ्यात बसली.

"अव्वा," तिनं पहिल्यांदाच त्यांना आई म्हणून हाक मारली, "तुला काय होत होतं?"