भरीत पार्टीतलं नाणं

वांगी भाजून, सोलून, लाकडाच्या बडगीत कुटूनही झाली, तरी तेजसचं बोलणं संपत नव्हतं.

चाळीसगावहून धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत जीवराम आबांचं शेत. हिवाळ्यात तिथली भरीत पार्टी चुकवणारा माणूस गावात अजून जन्माला यायचा होता. यंदा भरतासोबत पाहुणाही होता. पांढरा शर्ट, हसरा चेहरा, हातात टॅब. तेजसला आबांनी स्वतः बोलावलं होतं आणि आबांनी बोलावलं म्हणजे गावाच्या लेखी तो निम्मा जावईच.

"खान्देश कॉइन," तेजस म्हणाला. "आपल्या मातीतलं डिजिटल नाणं. आजचा भाव पुन्हा मिळणार नाही. बटण मात्र जेवणानंतर सगळ्यांनी एकदम दाबायचं, म्हणजे भाव सगळ्यांना सारखा. कुणाला काही शंका?"

शंका मोहिनीला होती. ती आबांची सून आणि महिला बचत गटाची सचिव. गटातल्या बायांनी पोटाला चिमटा काढून केळीच्या वेफरच्या यंत्रासाठी पैसे साठवले होते. ते सगळे आज या नाण्यात घालायचं अध्यक्ष दिपमालानं ठरवून टाकलं होतं. खात्यातून पैसे काढायला दोघींची संमती लागे. दिपमालाची झाली होती. उरला होता तो मोहिनीच्या फोनवर येणारा कोड.

आठवडाभर ती आबांच्या मागे लागली होती. रिझर्व्ह बँकेनं कितीदा काय बजावलंय ते तिनं वाचून दाखवलं, बुडालेल्या लोकांच्या बातम्या दाखवल्या. आबा चष्मा पुसत ऐकायचे आणि म्हणायचे, "सरकार तं रोजच काही सांगस." वर पुन्हा, "पार्टीले तू येजो बरं. फोन संगे लई येजो." आबा वरणगावच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. जन्मभर जोखमीच्या मालाशी गाठ पडलेला माणूस या पोराला कसा भुलला, हे तिला कळेना. तिला त्यांचा राग यायचा, आणि राग आला म्हणून वाईटही वाटायचं.

पुऱ्या वाढता वाढता ती तेजससमोर थांबली.

"तेजसभाऊ, ही कंपनी कुणाची? सेबीकडे नोंद आहे का?"

पंगतीतले हात थांबले. सासऱ्याच्या पाहुण्याला सुनेनं भर पंगतीत हटकायचं, असं या गावात कुणी पाहिलं नव्हतं.

"ताई, सरकार अशा नाण्यांच्या नफ्यावर तीस टक्के कर घेतं," तेजस म्हणाला. "म्हणजे मान्यता आलीच की."

"कर घेतला म्हणजे हमी दिली असं होत नाही. उद्या पैसे बुडाले तर दाद कुठे मागायची?"

तेजसनं क्षणभर तिच्याकडे निरखून पाहिलं. मग तो पंगतीकडे वळला. "भित्र्यांसाठी ही संधी नाही, मंडळी."

लोक हसले. मोहिनीनं आशेनं आबांकडे बघितलं.

"मोहिनी," आबा म्हणाले, "पुरी वाढ."

तिचे कान तापले. पण ती पुरी वाढत पुढच्या पानाकडे गेली.

ज्याच्या शेतातलं भरीत खाल्लं, त्याला हात धुवायच्या आत नाही म्हणायचं नाही, अशी इथली रीत. तेजसला ती कुणी सांगितली कोण जाणे, पण त्यानं नेमकी तीच वेळ साधली. हात खरकटे असतानाच फोन बाहेर निघाले आणि डाव्या हातांनी तेजसच्या ॲपमध्ये आकडे भरायला सुरुवात झाली.

"कोड सांग वं," दिपमाला म्हणाली. "बठ्ठा वाट दखी राह्यनात."

फोन मोहिनीच्या मुठीत थरथरला. कोड आला होता.

म्हातारी भिकुबाई सरकत सरकत जवळ आली. "सांगी दे ना माय. मना नातूनं शिक्षन व्हई जाई यामा."

याच भिकुबाईनं कोंबड्या विकून गटाचा हप्ता भरला होता. मोहिनीला भरून आलं. हो म्हणणं किती सोपं होतं. सगळे खूश झाले असते, घरात आबांचा शब्द राहिला असता, आणि पैसे बुडाले असते तरी दोष तिच्या एकटीवर आला नसता.

"नाही," ती म्हणाली. "कोड मी देणार नाही. गटाचं यंत्र येईल, वेफर विकले जातील, भिकुबाईंचा नातू त्याच्यावर शिकेल. उशीर लागेल, पण शिकेल."

"आबास्नं मीठ खाईसन नही म्हनस तू?" दिपमाला उठून उभी राहिली. "उद्यापासून गटमा येऊ नको."

"नक्की नाही ना, ताई?" तेजसनं हळूच विचारलं.

"नक्की नाही."

तो वळला. "बाकीच्यांनी दाबा बटण."

सगळ्यांनी दाबलं. मोहिनीनं डोळे मिटून घेतले.

मग तिनं ते उघडले. दिपमाला आपल्या नवऱ्याच्या फोनकडे बघत मटकन खाली बसली होती. पडद्यावर लिहिलं होतं : 'हे नाणं अस्तित्वातच नाही. तुमचा एक रुपयाही खात्यातून गेलेला नाही. समोर खरा ठग असता, तर सगळं गेलं असतं. – सायबर पोलीस.'

तेजसनं खिशातून ओळखपत्र काढून गळ्यात घातलं आणि तो आबांसमोर जाऊन उभा राहिला. "आबा, लोकांना सावध करायला ही परीक्षा घेत इतकी गावं फिरलो, पण असं अडवणारं माणूस आज पहिल्यांदा भेटलं."

आबांनी शांतपणे पुरीचा शेवटचा घास खाल्ला. "मी तुमले पयलेच सांगं व्हतं, साहेब. बठ्ठा गाव फसी, पन मनी सून फसाव नही."